दोन दिवस साधं पीठ

आक्का,

काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्या, बऱ्हाणपूरचे पाहुणे उजेड आहे तोवर परतले आणि ओट्यावर शेजारपाजारचे शेतकरी तेवढे उरले. त्यांच्यासमोर मी एक गोष्ट कबूल केली. ती आधी तुमच्यासमोर कबूल करायला हवी होती. सात महिने होते माझ्याकडे, रोज दोन वेळा तुमच्या ताटाला ताट लावून जेवत होते, तरी तोंड उघडलं नाही. म्हणून आज सकाळी भाजी चिरायची सोडून तुमचीच वही घेऊन बसले आहे. मागची पानं कोरी आहेत. शुद्धलेखनाच्या चुका खूप होतील, त्या काढायच्या तर काढा.

पहिल्यापासून सांगते. मधूनच सुरुवात केलेली तुम्हाला चालत नसे. "मंगल, आधी गवत, मग उंदीर, मग घुबड. उडी मारायची नाही," असं म्हणायचात.

म्हातारी नणंद माहेरी राहायला आली की भावजयीचे दिवस फिरले, असं मला गावातल्या चौघींनी सांगितलं होतं आणि मी ते मनावर घेतलं होतं. खोटं कशाला बोलू? तुमचे यजमान कागद कारखान्यातून निवृत्त होऊन वर्षभरातच गेले, तुमची शाळेतली नोकरी संपली, आणि चांदनीच्या घराला कुलूप लावून तुम्ही दापोऱ्याला आलात. सोबत दोन ट्रंका. एकीत साड्या. दुसरीत सापाच्या काती, पक्ष्यांची पिसं आणि बरणीत बुडवलेला बेडूक. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, "आक्का, तुम्ही या, घर तुमचंच आहे. पण हा बेडूक आत यायचा नाही." तुम्ही खळखळून हसलात आणि ती ट्रंक वावरात, विहिरीवरच्या जुन्या इंजिनाच्या खोलीत नेऊन ठेवलीत.

पंधरा दिवसांनी भर दुपारी तुम्ही चपला हातात घेऊन धावत आलात. "मंगल, आपल्या इंजिनाच्या खोलीत बिऱ्हाड आहे!" मला वाटलं कुणी मजूर राहायला आले. जाऊन बघते तर वरच्या फळीवर पांढऱ्या तोंडाची दोन घुबडं. मी पदर तोंडावर घेतला आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता हाकला. तुम्ही म्हणालात, "गव्हाणी घुबड आहे ते. तुझ्या वावराचा राखणदार. तुझ्या आधीपासून राहतोय, तूच पाहुणी." तेव्हापासून तुमचा नाद सुरू झाला. घुबडांनी ओकून टाकलेले काळे गोळे गोळा करायचे, पाण्यात भिजवायचे आणि टाचणीने एकेक हाड सुटं करायचं. भिजवायला वाटी कुणाची? माझी. ती वाटी मी पुन्हा कधी स्वयंपाकात घेतली नाही हे तुम्हाला माहीत होतं, आणि मुद्दाम विचारायचात, "मंगल, ती छान वाटी कुठे गेली गं?"

त्या गोळ्यांतून निघालेल्या उंदरांच्या कवट्या तुम्ही वर्तमानपत्रावर रांगेने मांडल्यात आणि तुमच्या भावाला बोलावलंत. "भास्कर, हे एका आठवड्याचं काम आहे. सांग, कोणता मजूर एवढं करतो?" त्यांनी कवट्या पाहिल्या, मिशी खाजवली आणि तिथल्या तिथे शब्द दिला की आपल्या वावरात उंदरांचं औषध कधी टाकायचं नाही. तुमच्या भावाचा शब्द म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच पुढे तुम्हाला एवढं लागलं.

रविवारी गावातली पोरं तुमच्याकडे यायची. तो पाण्याचा धडा मी केळीच्या ओळीआडून ऐकला होता. एका पोरीच्या हातात भरलेला हंडा. ती म्हणे गवत, धान्य, केळीचं पान, जे जे ऊन पिऊन वाढतं ते. तिने पुढच्याला द्यायचं, पण हंडा नाही, फक्त तांब्याभर. बाकीचं ओतून टाकायचं. तो पुढचा म्हणजे उंदीर. उंदराने सापाला वाटीभर द्यायचं, सापाने घुबडाला पळीभर. शेवटचा पोरगा पळी धरून रडवेला झाला, "बाई, माझ्या वाट्याला इतकंच?" तुम्ही म्हणालात, "इतकंच. प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्सा पुढे जातो. बाकी नऊ हिस्से धावण्यात, अंग गरम ठेवण्यात, श्वास घेण्यात संपतात. म्हणून गवत रानभर असतं आणि घुबडं दोनच असतात."

आणि मी न राहवून ओळीतून बाहेर आले. "आक्का, वाया कुठे गेलं? सांडलेलं पाणी केळीच्या मुळाशी गेलं की! जे मातीत जातं ते परत येतं." पोरं हसली. तुम्ही प्रांजळपणे म्हणालात, "खरंय. माझं उदाहरणच कच्चं आहे. पाणी परत येतं, ऊन परत येत नाही." दोन दिवस तुम्ही तेच डोक्यात घोळवत होतात. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते तेव्हा चुलीजवळ येऊन बसलात. "ही काटकी जळाली. राख उरली, ती तू केळीला घालशील, ती परत येईल. कबूल. पण भाकरी भाजली ती धग? ती परत आणून दाखव." मी म्हटलं, "ती भाकरीत आहे." तुम्ही म्हणालात, "थोडी. बाकीची?" मी म्हटलं, "माझ्या कपाळावर. घाम बघा." आपण दोघी हसलो आणि भाकरी करपली. तो वाद तसाच राहिला. मी हरले होते, पण कबूल करायची नव्हते. नणंदेपुढे कोण कबूल करतं?

आता पीठ.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला उंदरांनी उच्छाद मांडला. पाऊस लवकर उघडला होता, आणि उंदीर तहानेने ठिबकच्या नळ्या कुरतडायचे. सकाळी वावरात जावं तर एका ओळीत चिखल आणि पुढच्या ओळीतली केळी तहानलेली. मी रोज नळ्यांना जोड बसवायचे. माझी बोटं सोलून निघाली. तुमच्या भावाला म्हटलं, यंदा औषध टाका. ते म्हणाले, "आक्काला शब्द दिलाय." मला राग आला. केळी काय शब्द खाऊन वाढणार आहेत? मी तुकईथडला, माझ्या माहेरी एक दिवस गेले आणि येताना उंदरांच्या काळ्या औषधाची पुडी कमरेला खोचून आणली. कुणाला सांगितलं नाही.

हे काम मला माझ्या आईने शिकवलं आहे. उंदीर फार संशयी. नवी वस्तू दिसली की एकजण चाखतो, त्याला काही झालं की बाकीचे शिवत नाहीत. म्हणून ज्वारीच्या पिठात तेल, जरासा गूळ घालून साध्या गोळ्या करायच्या आणि दोन दिवस बिळांच्या तोंडाशी नुसत्या त्याच ठेवायच्या. उंदीर येतात, खातात, त्यांना सवय होते. तिसऱ्या दिवशी त्याच पिठात पुडी.

पहिल्याच दिवशी तुम्ही मला बघितलंत. मी बांधावर वाकून गोळ्या ठेवत होते आणि मागून तुमचा आवाज आला. "मंगल, तू उंदरांना घास घालतेस?" मी दचकले. तुम्ही जवळ आलात, एक गोळी उचलून वास घेतलात. तेल, गूळ, ज्वारी. दुसरं काही नव्हतंच त्यात. तुमचे डोळे भरून आले होते, आक्का. तुम्ही म्हणालात, "बाई गं, मी तीस वर्षं पोरांना शिकवलं की ज्याचा त्याचा वाटा असतो. करताना पहिल्यांदा तुला बघतेय."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण आयुष्यात मला कुणी इतकं चांगलं म्हटलं नव्हतं, आणि तेही तुम्ही. मी म्हटलं, "पोटाला मिळालं तर नळ्या नाही कुरतडणार, आक्का. त्यांचाही वाटा असतो ना." हसतहसत म्हटलं. रविवारी तुम्ही पोरांना सांगितलंत, शेजारच्या वावराच्या दिनकरभाऊंच्या घरी जाऊन सांगितलंत, देवळात बायकांना सांगितलंत. माझ्या भावजयीकडून शिका. जिच्या घरात बेडकाला जागा नव्हती ती आता उंदरांना जेवू घालते.

तिसऱ्या दिवशी मी पुडी मिसळली. तुमचं कौतुक ऐकून थांबायला हवं होतं. उलट वाटलं, आता मागे फिरले तर विचारतील, का थांबलीस? खोटं बोलले होते, आता ते निभवायचं होतं. शेजारच्या केळीतून तुमच्या पोरांच्या कविता ऐकू येत होत्या आणि मी गोळ्या ठेवत होते.

उंदीर मेले, पुष्कळ मेले. चार दिवसांनी इंजिनाच्या खोलीत फळीखाली घुबडाची मादी मरून पडलेली तुम्हाला सापडली. नर दिसेनासा झाला. फळीवर तीन पिल्लं होती, कापसाच्या बोंडासारखी. तुम्ही, ज्यांनी उभ्या जन्मात मटणाच्या दुकानाकडे तोंड केलं नव्हतं, बऱ्हाणपूरला जाऊन स्टीलच्या डब्यात काळजाचे तुकडे घेऊन आलात. डबा पिशवीत, पिशवी पदराखाली. ते तुकडे बारीक मी केले. तुम्ही म्हणालात, "तू कशाला, तुला किळस येईल." मी म्हटलं, "द्या इकडे." किळस आली नाही. मला तेच काम हवं होतं. पाच दिवस आपण दोघींनी चिमट्याने भरवलं. शेवटचं पिल्लू तुमच्या ओंजळीत गेलं.

मग तुम्ही ओट्यावर तुमच्या भावासमोर उभ्या राहिलात. "भास्कर, औषध तू टाकलंस?" ते काही बोलले नाहीत. मान खाली घातली. मी दारात उभी होते. मला वाटलं, मोठ्या बहिणीपुढे यांची वाचाच बसते, लहानपणापासूनची सवय. वाटलं, त्यांना मजुरांपैकी कुणाचा तरी संशय असेल. काय वाटेल ते वाटून घेतलं मी. खरं फक्त एकच होतं, की तुम्ही त्यांच्याकडे बघत होतात आणि माझ्याकडे नाही, आणि मला बरं वाटलं.

भाऊबीजेला तुम्ही ताट केलंत. मला दिलंत. "तूच ओवाळ तुझ्या भावाला, तुकईथडला जा. माझा भाऊ नाही." त्या दिवशी ते कपाळ कोरं ठेवून दिवसभर वावरात काम करत राहिले. त्यानंतर सात महिने एकाच घरात तुमचं बोलणं माझ्यातर्फे. "मंगल, त्याला सांग भाकरी निवली." "मंगल, त्याला विचार चष्मा कुठे ठेवलाय." ते तीन हातांवर बसलेले असायचे. मी दोघांमध्ये निरोप पोचवत होते आणि माझा निरोप पोटात दाबून ठेवला होता. कितीदा ठरवलं. संक्रांतीला तिळगूळ देताना बोलायचं. होळीला. नंतर, तुम्हाला बरं नव्हतं तेव्हा पाय चेपताना. तुम्ही म्हणायचात, "तू आहेस म्हणून मी इथे आहे." त्यावर काय बोलणार मी?

तुम्ही गेलात आणि ज्याच्याशी बोलत नव्हतात त्यानेच अग्नी दिला. बायका स्मशानात जात नाहीत, पण मी गेले, दूर उभी राहिले. कुणाची हिंमत झाली नाही मला परत पाठवायची. ऊन मी म्हणत होतं, त्यात चितेची झळ. मी इतकी लांब होते तरी ती तोंडावर लागली, आणि एकदम कळलं की आपला तो वाद तुम्ही जिंकलात. राख आम्ही तापीत सोडली. ती कुठे तरी गाळात बसेल, त्यातून काही तरी उगवेल, ते मी मानते. पण जी झळ माझ्या तोंडाला लागली ती तुम्ही होतात, आणि ती आता कुठूनही परत येणार नाही. रोज नवं ऊन यावं लागतं, तेव्हा कुठे गवताचं एक पान वाढतं. मी रडले, फार रडले. तुमच्यासाठी रडले आणि स्वतःच्या भित्रेपणासाठीही.

आता कालचं सांगते.

ओट्यावर दिनकरभाऊ होते, विशाल होता, तोच तो, पलीकडच्या सहा एकरांत जुन्या केळीच्या बुंध्याची पिलं वाढवून पिलबाग राखलेला, आणि आणखी दोघंतिघं. बोलणं उंदरांवर आलं. यंदा उन्हाळा तापलाय आणि उंदीर मागच्यापेक्षा जास्त. सगळ्यांच्या नळ्या रोज कापल्या जातात. दिनकरभाऊ म्हणाले, "आता सुतक फिटलं. सोमवारी समदे एकदम औषध टाकू. एकट्यानं टाकून फायदा नाही, चूहे काय बांध पाहून चालतात?"

विशाल मला म्हणाला, "काकी, पीठ तुम्हीच मळा. सगळ्यांचं एका हातचं पाहिजे. आज तुमच्या हातचे लाडू पब्लिकने सोडले नाहीत, चूहे काय सोडतील!"

तुमचे भाऊ म्हणाले, "तिला नका सांगू. आमच्या वावरात टाकायचं नाही. आक्काला शब्द दिलाय."

"अरे भास्कर," दिनकरभाऊ म्हणाले, "गेल्या साली तूच तर टाकलं होतंस. आक्का त्यापायीच तुझ्याशी बोलत नव्हती, साऱ्या गावाला मालूम आहे. आता ती गेली, आता कशाचा शब्द?"

त्यांनी मान खाली घातली. तशीच, आक्का, अगदी त्या दिवसासारखी. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते. तांब्या खाली ठेवला.

"त्यांनी नाही टाकलं," मी म्हटलं. "मी टाकलं. पुडी मी तुकईथडहून आणली. दोन दिवस साधं पीठ घातलं, आक्कांना वाटलं मी उंदरांना जेवू घालते, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं. तिसऱ्या दिवशी विष घातलं."

विशालच्या हातातली सुपारी हातातच राहिली. मी थांबले नाही, थांबले असते तर पुन्हा सात महिने गेले असते. म्हटलं, मला पीठ मळता येतं, चांगलं येतं, म्हणूनच ऐका. गेल्या वर्षी मी उंदीर मारले आणि उंदीर खाणाराही मारला. उंदराला दाणापाणी मुबलक, दोन महिन्यांत बिळं पुन्हा भरली. घुबडाला जगायला आधी एवढे उंदीर लागतात, उंदरांना त्याच्याहून किती तरी जास्त धान्य. तो वरच्या टोकाला बसलेला, थोडाच असतो, एकदा गेला की लवकर येत नाही. म्हणून यंदा उंदीर जास्त आहेत. माझ्या एका वावरात मी हे केलं. तुम्ही पाच वावरांत करायला निघालात.

दिनकरभाऊ शांतपणे म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं, "वहिनी, तुमचं दुःख समजतं. पण माझी केळी निसवायला आली, घड बाहेर पडायची वेळ झाली, आणि पाण्यावाचून वाळून राहिली. घुबड येईल तेव्हा येईल. मी काय त्याची वाट पाहून राहू?"

म्हटलं, वाट नका पाहू. उंदीर तहानेने नळी फोडतो, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला पाण्याची भांडी ठेवू, रोज भरू. बिळं खणून काढू. पिंजरे लावू. बांधावर रात्री पक्ष्यांना बसायला उंच काठ्या रोवू, आणि इंजिनाच्या खोलीवर घुबडांच्या घरट्यासाठी लाकडी खोकं बसवू, तुमच्या कडुलिंबावर एक. एक हंगाम द्या मला.

"एवढ्यानं उंदीर संपतील?" विशालने विचारलं.

"संपणार नाहीत. कमी होतील. संपले तर घुबड कशाला येईल?"

तो हसला. मग म्हणाला, "चला काकी, चान्स घेऊ. पण माझ्या नळ्या कापल्या तर?"

"तर मी येऊन जोड बसवीन. रोज. तुझ्या सहा एकरांत."

"पक्का?"

"पक्का."

तो कबूल झाला. त्याच्या मागे आणखी एकजण. दिनकरभाऊ टोपी झटकून उठले आणि म्हणाले, "सोचून सांगतो." म्हणजे नाही. त्यांचं वावर मधोमध आहे. ते औषध टाकणार असतील तर माझ्या खोक्याला काही अर्थ नाही, उद्या नर आला तरी त्यांच्याच बांधावरचा उंदीर उचलेल.

सगळे गेल्यावर तुमचे भाऊ स्वयंपाकघरात आले. मी भांडी आवरत होते. पाठ फिरवूनच म्हटलं, "मारा, बोला, काय करायचं ते करा."

ते म्हणाले, "मला माहीत होतं."

मी वळले.

"रिकामी पुडी तू न्हाणीमागं पुरली होतीस. दुसऱ्याच दिवशी कुत्र्यानं उकरली. मी नेऊन खोल पुरली."

"मग बोलला का नाहीत? सात महिने! भाऊबीजेला कोऱ्या कपाळाने बसलात!"

ते चुलीजवळ टेकले. "मी भाऊ आहे तिचा. माझ्यावर रुसली तरी मी भाऊच राहणार, ते काही सुटत नाही. तुझ्यावर रुसली असती तर गेली असती परत चांदनीला, कुलूप उघडून एकटी राहिली असती. तिला तू पाहिजे होतीस. तुला बी ती पाहिजे होती." एवढं बोलून ते हात धुवायला गेले. लग्नाला इतकी वर्षं झाली, एका दमात इतकं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

आक्का, मला रात्रभर एकच वाटत होतं, की तुम्ही हे ऐकायला हवं होतंत. तुमच्या भावाने शब्द मोडला नाही. त्यांनी तो पाळला आणि वर माझा गुन्हाही पदरात घेतला. तुम्ही ज्या माणसाशी बोलत नव्हतात त्याने तुम्हाला या घरात ठेवलं. आणि जिचं तुम्ही गावभर कौतुक केलंत तिने तुमचा भाऊ तुमच्यापासून तोडला. तुम्ही माझ्यावर किती रागावल्या असतात! चांदनीला निघून गेल्या असतात, कदाचित वर्षभर. मग एखाद्या दिवशी ती ट्रंक घेऊन परत आल्या असतात, मला खात्री आहे. तेवढा विश्वास मी तुमच्यावर ठेवला नाही, ही माझी खरी चूक. तो तुमच्या भावानेही ठेवला नाही म्हणा. आम्ही दोघंही तुम्हाला फार हळवं समजलो.

माफी मागत नाही. माफ करायला तुम्ही आता नाही आणि मी स्वतःला एवढ्यात माफ करणार नाही. पण तुम्ही मला जे म्हणालात, बांधावर, डोळे भरून, ते मी खोटं बोलून घेतलं होतं. ते आता खरं करणार आहे. सोपं नाही हे माहीत आहे. या उन्हाळ्यात माझी केळी काही वाळतील, विशालच्या सहा एकरांत माझे गुडघे मोडतील, आणि खोक्यात घुबड येईलच असं नाही. आलं नाही तर पुढच्या वर्षी खोकं दुसऱ्या झाडावर लावीन.

तुमचे भाऊ बाहेर फळ्या कापत बसले आहेत. खोक्याचं तोंड केवढं ठेवायचं ते तुमच्या वहीत मधल्या पानावर चित्र काढून ठेवलेलं सापडलं, त्यांना दिलं. ते बराच वेळ तुमच्या अक्षराकडे बघत होते. मग करवत चालू झाली.

दिनकरभाऊ सकाळी नऊपर्यंत वावरात असतात, मग ऊन चढलं की घरी जातात. काल त्यांनी मला पाचजणांसमोर "नाही" म्हटलं, समोर मी एकटीच असले तर तसं म्हणणं त्यांना जड जाईल. त्यांच्या बांधावरची बिळं आज मी स्वतः खणणार आहे, त्यांनी हो म्हणायच्या आधीच. कुदळ दाराशी आणून ठेवली आहे. निघते, आक्का.